पडलेल्यांची आभारफेरी

दिघ्यात अखिल भारतीय प्रजा समन्वय पक्षाची एक शाखा होती आणि त्या शाखेने आजवर एकही निवडणूक जिंकलेली नव्हती. ग्रामपंचायत लढवली, पडली. पंचायत समिती लढवली, पडली. नव्वद साली थेट विधानसभेला हात घातला आणि अशी आपटली, की मतमोजणीच्या साहेबांनी उमेदवाराला बाजूला घेऊन "घरी सगळं ठीक आहे ना?" असं विचारलं. उमेदवार दर वेळी एकच. भगवान पाईकराव, शाखेचे अध्यक्ष, मूळचे परभणीकडचे, रबाळ्याच्या एका रंगाच्या कारखान्यात कामाला. घरी सगळं ठीकच होतं.

पक्ष तसा लहानसहान नव्हता. दिल्लीत त्याचं कार्यालय होतं, उत्तरेत कुठेकुठे आमदारसुद्धा होते म्हणे. पण दिघ्यापर्यंत येता येता पक्षाची चार माणसं उरत. एक भगवानदादा. दुसरे चिटणीस कमळाकर तांबे, खासगी कंपनीत कारकून, ऐरोलीच्या सेक्टरात दुसऱ्या मजल्यावर राहणारे, बोलणं सगळं राजापुरी आणि घोषणा सगळ्या शुद्ध. उरलेले दोघं सभेला सतरंजी अंथरायला येत आणि सभा संपली की तीच सतरंजी झटकून जात. भगवानदादांची बायको बयाबाई या चौघांत धरलेली नव्हती. चहा करणाऱ्या माणसाला सभासदांत मोजायची पद्धत तेव्हा नव्हती.

पक्षाचं चिन्ह होतं शिडी. पहिल्या निवडणुकीत कमळाकरांनी हौसेने एक खरीखुरी बांबूची शिडी करून आणली आणि ती खांद्यावर घेऊन प्रचारफेरी काढली. मतं काही मिळाली नाहीत, पण शिडी मात्र दिघ्यात फार लोकप्रिय झाली. कुणाला पत्रा शाकारायचाय, कुणाला टीव्हीचा ॲन्टेना फिरवायचाय, कुणाची मांजर वर अडकलीय, की माणूस पाईकरावांच्या दारात. विरुद्ध पक्षाचे कार्यकर्तेही आपले बॅनर बांधायला हीच शिडी मागून नेत, आणि भगवानदादा देत. वर "नीट चढा रे, खालचा दांडा हलतो" म्हणून खाली धरून उभेही राहत. अशा माणसाला राजकारण शिकवायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

आणि एवढ्यावर भागत नव्हतं. या शाखेची एक रीत होती, जी दुसऱ्या कुठल्या पक्षाला सुचली नसती आणि सुचली तरी परवडली नसती. निवडणूक हरल्यावर ही मंडळी आभारफेरी काढत.

त्याचं असं झालं. पहिल्यांदा पडले तेव्हा कुणीतरी म्हणालं, "आता भगवान महिनाभर तोंड लपवून बसेल." हे दादांच्या कानावर गेलं. त्यांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला आणि त्याच संध्याकाळी दारोदार निघाले. प्रत्येक दारात हात जोडून एकच भाषण. ज्यांनी मत दिलं त्यांचे आभार, ज्यांनी नाही दिलं त्यांचेही आभार, कारण तुम्ही मतदानाला गेलात, लोकशाही जगवलीत. लोक आधी हसले, मग ओशाळले, मग चहा टाकला. चहा उकळेपर्यंत बोलायचं काय, म्हणून कुणी रेशनकार्डाचं गाऱ्हाणं सांगितलं, कुणी गटाराचं. दादा ते ऐकून घेत आणि पुढे आठ-आठ महिने त्या गाऱ्हाण्यांपायी कचेऱ्यांचे उंबरे झिजवत. काही कामं होतही. मग दर निवडणुकीनंतर हेच. पुढे पुढे तर मोजणीच्या संध्याकाळी दिघ्याच्या दुकानांत दूध संपायला लागलं. भगवानदादा पडले की येणार, हे लोकांनी धरूनच ठेवलं होतं.

मंडळींना पडायची सवय इतकी अंगवळणी पडली, की मोजणीला गेले तरी पहिली फेरी झाली की ते उठत. आकडा बघायचा, मान डोलवायची, "चला, निघू या, उजेड आहे तोवर निम्मी घरं होतील" असं कमळाकरांनी म्हणायचं आणि शिडी उचलायची.

बयाबाईला या सगळ्याचा मनापासून वीट आला होता. नवऱ्यावर तिचा जीव होता, तो लपवायची तिला कधी गरज वाटली नाही. पण "पडलेल्या माणसाची बायको" म्हणून नळावरच्या बायका जी मऊ मऊ माया दाखवत, ती तिला उघड टोमण्यांपेक्षा जास्त टोचे. दादांच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. एकदा, निदान एकदा, या माणसाने जिंकून घरी यावं आणि आपण ते बघावं, एवढंच तिला हवं होतं. हे ती कुणाला बोलली नव्हती. बोलली असती तर कमळाकर म्हणाले असते, "वैनी, आपला लढा तत्त्वाचा असा."

पंच्याण्णव साली नवी मुंबई महापालिकेची पहिली निवडणूक लागली. सोडत निघाली आणि दिघ्याचा त्यांचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. शाखेवर आभाळ कोसळलं. इतकी वर्षं पडायला हक्काचा माणूस होता, आता पडायचं कुणी? कमळाकरांनी चहा पिता पिता वर पाहिलं, दादांनी वर पाहिलं, सतरंजीवाल्या दोघांनीही वर पाहिलं. समोर बयाबाई गाळणं धरून उभी होती.

"वैनी, तुम्ही फक्त सही करा," कमळाकर म्हणाले. "बाकी सगळा आम्ही बघतो. काय जिंकूचा टेन्शन नाय."

"मग उभं कामून ऱ्हायाचं?" बयाबाईने विचारलं.

याचं उत्तर शाखेच्या इतिहासात कुणी दिलेलं नव्हतं. दादांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "पक्षाचं नाव ऱ्हायला पायजे, बया."

तिने सही केली. पण गाळणं खाली ठेवताना तिने मनाशी ठरवलं, की उभं राहायचं तर जिंकायला.

समोर उमेदवार होती पुतळाबाई, म्हणजे खरं तर तिचा नवरा धर्मराज. धर्मराज याआधी ग्रामपंचायतीत निवडून आलेला होता आणि त्याचे पाण्याचे टँकर चालत. वस्तीला नळ होता, पण त्याला पाणी येई ते अंधार असताना आणि तेही करंगळीएवढं. मग दिवसभर धर्मराजचा टँकर. नळ जितका बारीक, तितका धर्मराज जाड. पुतळाबाई बिचारी भली बाई होती, प्रचारात नवऱ्यामागून चालायची आणि हात जोडायचे की पदर सावरायचा यात गोंधळायची.

बयाबाई प्रचाराला एकटी निघाली. शिडी नको, घोषणा नको. दुपारी बायका मोकळ्या असतात, तेव्हा ती जाऊन उंबऱ्यावर बसे, कुणाच्या मेथीची जुडी निवडून देई आणि पाण्याचं बोले. असं करत करत ती केशरबाईकडे आली. केशरबाई मूळची दिघा गावातली, वस्ती आली त्याच्या आधीपासूनची. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा तिचा खाक्या. पण पोटात पाप नाही.

"केशरमावशी, एक खरं सांग," बयाबाई म्हणाली. "आमच्या मालकाला तू कधी मत दिलंस का?"

"नाय," केशरबाई म्हणाली. मेथीतून मानही वर केली नाही.

"मानूस वाईट हाय का?"

"वाईट? आख्ख्या दिघ्यान असा मानूस नाय. मना पेन्शन कोनी लावून दिली? तुज्या नवऱ्यानं." केशरबाईने जुडी बाजूला ठेवली. "बये, आता आयक. निवडून आलेला मानूस कदी कोनाच्या दारान आला हाय? धर्मराज आला? त्याच्या आदीचा आला? कोन नाय आला. तुजा नवरा पडतो म्हनून येतो. चा पितो, आमचा सगला आयकतो, कामा करतो. त्यो निवडून आला आन त्योबी यायचा बंद झाला, मंग आमी कोनाकडं जावाचा? म्हनून आमी सगल्या ठरवूनच देत नाय. आमाला त्यो पडलेलाच बरा."

बयाबाईने ती जुडी आपल्याकडे ओढली. हसावं की रडावं तिला कळेना. इतकी वर्षं तिला वाटत होतं की लोकांना तिचा नवरा नको आहे. आणि इथे लोक त्याला इतका हवा म्हणत होते, की निवडून जाऊ देत नव्हते. माया करावी तर अशी, की माणूस आयुष्यभर वर आलाच नाही पाहिजे.

त्यानंतरच्या रविवारी वस्तीच्या चौकात शाखेची सभा झाली. कमळाकरांनी आंतरराष्ट्रीय परिस्थितीपासून सुरुवात केली आणि ते दिल्लीपर्यंत पोचले तेव्हा लोक उठायला लागले. तेवढ्यात बयाबाई पुढे झाली. तिला माईक धरता येत नव्हता, म्हणून तिने तो बाजूलाच ठेवला.

"मी भाशन करत नाय," ती म्हणाली. "येकच सांगते. आमचे मालक पडले की तुमच्या दारात येतात. तुमी च्या पाजता, कामं सांगता. लई चांगलं हाय. पण मी तशी नाय. मी पडले तर येणार नाय. आभार नाय, च्या नाय, रेशनकार्ड नाय. घरात बसून भाकऱ्या थापीन. आन मालकांनाबी आता कचेऱ्यांत धाडणार नाय. निवडून आले तर मात्र दर आठवड्याला दारात उभी ऱ्हाईन, तुमी हाकलून दिलं तरी. आता बगा तुमाला कोण पायजे."

उठायला निघालेले लोक परत खाली बसले, आणि मागे कुणाचा तरी प्रेशर कुकर वाजला. कमळाकरांनी हळूच सतरंजीवर बसून घेतलं. भगवानदादांचा चेहरा मात्र पडला. आणि तो निवडणुकीत पडल्यासारखा नव्हे, त्यात तर ते हसत असत.

घरी आल्यावर त्यांनी ताट बाजूला सारलं.

"रीत मोडलीस तू पक्षाची," ते म्हणाले.

"रीत नाय ती. सवय हाय."

"हरल्यावर लोकांसमोर जायाला छाती लागते, बया."

"लागते. तुमच्याकडं हाय, मी कवा नाय म्हणलं? पण जिंकायला काय लागतं ते तुमी कवा बगितलं का?"

दादांनी तोंड फिरवलं. बयाबाईलाही वाईट वाटलं. या माणसाने इतक्या वर्षांत एकच गोष्ट अभिमानाने केली होती आणि तिने तीच चौकात मोडून टाकली होती. पण शब्द गेला होता, आणि तो मागे घ्यावा असं तिला वाटतही नव्हतं. तिने ताट परत त्यांच्यासमोर सरकवलं. ते जेवले, पण दुसरी भाकरी घेतली नाही.

मतदान झालं. मोजणी ऐरोलीत एका शाळेच्या हॉलमध्ये होती. शाखेचे सगळे गेले, शिडीही गेली, ती दारावरच्या पोलिसाने बाहेर ठेवायला लावली. पहिल्या फेरीत ज्या पेट्या फुटल्या, त्या धर्मराजच्या घराजवळच्या केंद्रावरच्या. पुतळाबाईच्या मतपत्रिकांचे गठ्ठे वाढत गेले आणि शिडीवर शिक्का असलेल्या चिठ्ठ्या एका मुठीत मावल्या. कमळाकरांनी आकडा पाहिला, मान डोलवली.

"चला, दादा," ते म्हणाले. "उजेड आहे तोवर निम्मी घरां होतील."

दादा सवयीने उठले. मग आठवण होऊन बायकोकडे बघत उभे राहिले.

"तू येणार नायस," ते म्हणाले. विचारलं नाही, म्हणाले.

"नाय."

"बरं. मग तू बस. सह्याबिह्या लागल्या तर कर." आणि ते गेले. बयाबाई त्यांच्या पाठमोऱ्या पांढऱ्या सदऱ्याकडे बघत राहिली. एकदा वाटलं, उठून मागे जावं. पण ती बसून राहिली. तिला मोजणीतलं काही कळत नव्हतं, पण तिला रांग कळत होती. नळाच्या रांगेत उभी राहिलेली बाई हंडा भरल्याशिवाय घरी जात नाही, मग धार कितीही बारीक असो.

आणि धार वाढली. दुसऱ्या फेरीत वस्तीच्या मधल्या गल्ल्यांच्या पेट्या आल्या आणि शिडीचा गठ्ठा टेबलावर उभा राहायला लागला. तिसऱ्या फेरीत धर्मराज पान थुंकायला बाहेर गेला तो घाम पुसतच आत आला. शेवटची पेटी केशरबाईच्या गल्लीची होती. ती संपली तेव्हा साहेबांनी दोनदा बेरीज केली. धर्मराजने आरडाओरडा करून फेरमोजणी मागितली. फेरमोजणी झाली आणि बयाबाईची तीन मतं आणखी वाढली. बयाबाई भगवान पाईकराव, एकेचाळीस मतांनी विजयी. इतक्या वर्षांनी शाखेचं घोडं गंगेत न्हालं होतं, आणि ते बघायला शाखेचा एकही माणूस हॉलमध्ये नव्हता.

"तुमचे कार्यकर्ते कुठे आहेत?" साहेबांनी प्रमाणपत्र देताना विचारलं.

"आभार मानायला गेलेत," बयाबाई म्हणाली.

"एवढ्यात?" साहेब कौतुकाने म्हणाले. "कसं कळलं त्यांना?"

याचं उत्तर द्यायला फार वेळ लागला असता. तिने नमस्कार केला आणि निघाली. पुतळाबाई दाराशी उभी होती. तिने कुणी बघत नाही असं पाहून बयाबाईचा हात दाबला. तिला तर सुटल्यासारखंच झालं होतं.

रिक्षात बयाबाई मनातल्या मनात बोलून बघत होती. गल्लीच्या तोंडापासूनच ओरडून सांगायचं, आख्ख्या दिघ्याला ऐकू गेलं पाहिजे. दादांच्या सदऱ्याच्या खिशात ते प्रमाणपत्र कोंबायचं आणि म्हणायचं, बगा, असं असतं जिंकणं. संध्याकाळ झाली होती. ती उतरली आणि केशरबाईच्या गल्लीत वळली, तर तिच्या कानावर तो आवाज आला.

भगवानदादा केशरबाईच्या दारात हात जोडून उभे होते. मागे खांद्यावर शिडी घेतलेले कमळाकर. तिच्याकडे दोघांचीही पाठ होती.

"मत दिलं त्यांचे आभार," दादा म्हणत होते, "नाय दिलं त्यांचेबी आभार. मतदानाला गेला, लई झालं." इथे त्यांचं नेहमीचं भाषण संपायचं. पण ते थांबले नाहीत. "आन मावशी, बयाचं मनावर घेऊ नका. चौकात बोलली तशी ती आली नाय. शब्दाची पक्की हाय, माझ्यासारखी मऊ नाय. पण तुमच्या पाण्यासाठी तिचा जीव तुटतो, हे मी रोज बगतो. तिच्या वाटचे आभार माझ्याकडून घ्या. आन तुमची कामं ऱ्हाणार नायत. ती म्हणलीय कचेरीत जायाचं नाय, पण मी तिला समजावीन. जरा उशीर लागंल."

बयाबाई तिथेच थांबली. रिक्षात जुळवलेलं सगळं कुठल्या कुठे गेलं. ज्या माणसाची रीत तिने चौकात मोडली, तो तिच्या नावाने प्रत्येक दारात हात जोडत आला होता. तिच्या नावाला बोल लागू नये म्हणून. तिचे डोळे भरून आले आणि ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

केशरबाई चहाची बशी घेऊन बाहेर आली आणि दादांच्या खांद्यावरून तिला बयाबाई दिसली. बशी हातातच राहिली.

"बये," केशरबाई म्हणाली, "तू तं पडल्यावर येनार नवतीस."

"नाय येणार," बयाबाई म्हणाली.

कमळाकरांच्या डोक्यात प्रकाश आधी पडला. त्यांनी शिडी खांद्यावरून उतरवली आणि ती कुठे टेकवावी ते न कळून मिठीत धरून उभे राहिले. दादांना वेळ लागला. ज्याने जन्मात ती गोष्ट बघितली नाही, त्याला ओळखायला वेळ लागणारच. ते बायकोकडे बघत राहिले, मग तिच्या हातातल्या कागदाकडे, मग परत तिच्याकडे.

"तू..."

"आपण," बयाबाई म्हणाली.

ते केशरबाईच्या पायरीवर खालीच बसले. आजूबाजूच्या दारांतून बायका बाहेर यायला लागल्या. कुणीतरी "काय झालं गं?" म्हणून विचारलं, कुणीतरी सांगितलं, आणि त्या सगळ्या पायरीभोवती जमल्या. आता दादा काहीतरी बोलणार म्हणून त्या वाट बघत होत्या. दादांनी सवयीने हात जोडले, तोंड उघडलं आणि मिटलं.

"बया," ते हळूच म्हणाले, "पडल्यावरचं समदं पाठ हाय मला. जिंकल्यावर काय बोलतात?"

हे बयाबाईलाही ठाऊक नव्हतं. ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली आणि केशरबाईकडे वळली.

"मावशी, तुज्याकडं पाणी कवा येतं?"

"तुला म्हाईत नाय? माज्या पुढंच तं रांगंत असतीस."

"म्हाईत हाय. पण आता मला इचारायला पायजे."

केशरबाईने दोघांकडे एकदा बघून घेतलं. मग दादांसाठी आणलेली चहाची बशी तिने तशीच मागे ओट्यावर ठेवून दिली, कमरेला पदर खोचला आणि धर्मराजशी बोलायची तशा चढ्या आवाजात सुरू झाली. पाणी येतं ते चोरावानी अंधारान. तेबी करंगळीएवढा. गल्लीन दिवा नाय. गटार उगडा हाय, परवा पोर पडला त्यान. कोन जबाबदार हाय?

"आमी," भगवानदादा म्हणाले. तोवर शेजारची बाईही तावातावाने बोलायला लागली होती, आणि तिच्यामागे तिसरी. त्या संध्याकाळी पुढच्या कुठल्याच दारात त्यांना चहा मिळाला नाही. दादा डोळे पुसत सगळ्यांचं ऐकत होते आणि प्रत्येक दारात म्हणत होते, "व्हय, चुकलंच आमचं."